वाट-वहिवाट : फाटकापाशी फूटपाथ का मोडतो?

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं, की तुमच्या उपनगरात चालणं आणि सायकल चालवणं कसं चाललंय ते कळवा. पत्रांची पिशवीच आली. पुष्कळ पत्रांत पालिकेला शिव्या आहेत; त्या खऱ्या असल्या तरी छापता येत नाहीत. जी पत्रं नेमका प्रश्न विचारतात ती निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख : तीस वर्षं रस्त्यांची एस्टिमेटं लिहिली, आता निवृत्त. पुण्यात राहते, रोज सकाळी सहकारनगरातून तळजईच्या टेकडीकडे चालत जाते. पिशवीत पाच मीटरची टेप असते, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या मुलांनी माझं नाव काय ठेवलंय ते तुम्ही ओळखलंच असेल.

आमची आई ७४ वर्षांची आहे. कर्वेनगरात आमच्या गल्लीबाहेर दोन वर्षांपूर्वी नवा फूटपाथ झाला. ब्लॉक चांगले आहेत, मध्ये दोन बाकही आहेत. तरी आई रस्त्याच्या कडेनेच चालते. रागावलं तर म्हणते, "सारखं चढा नि उतरा, मला नाही जमत." तिची समजूत कशी घालावी?

आईची घालू नका, तिचं बरोबर आहे.

तुमच्यासारख्याच एका गल्लीत मी गेल्या महिन्यात टेप घेऊन फिरले. तीनशे मीटरच्या फूटपाथवर सोसायट्यांची नि दुकानांची मिळून तेरा फाटकं. प्रत्येक फाटकापाशी फूटपाथ तुटतो, खाली रस्त्याला येतो, पलीकडे पुन्हा वर जातो. उंची सरासरी बावीस सेंटीमीटर. घरातल्या जिन्याची पायरी पंधरा-सतराची असते. म्हणजे आईला जिन्यापेक्षा उंच पायरी तेरा वेळा चढायची आणि तेरा वेळा उतरायची. तेरा गुणिले बावीस, दोनशे शहाऐंशी सेंटीमीटर. भाजी आणायला निघालेली बाई वाटेत जवळजवळ एक मजला चढते आणि एक मजला उतरते. येताना हातात पिशवी घेऊन पुन्हा तेच. दुसऱ्या मजल्यावर राहायला जाताना तुम्ही लिफ्ट आहे का ते विचारलं असेल ना?

मग एवढा उंच करतात कशाला? एक कारण म्हणजे दुचाकी वर चढू नयेत. त्या चढतातच, फाटकाच्या उतारावरून. दुसरं कारण जास्त जुनं आहे. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर येतो, जुना खरवडून काढायचा कंटाळा असतो, रस्ता वर येत जातो आणि पावसाचं पाणी आत येऊ लागतं. म्हणून पुढच्या वेळी फूटपाथ आणखी उंच. रस्ता आणि फूटपाथ यांची ही शर्यत मी नोकरीभर पाहिली.

नियम काय सांगतो? रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३. तिच्यानुसार कर्ब, म्हणजे फूटपाथची रस्त्याकडची कड, १५० मिलिमीटरहून उंच नको, आणि निवासी भागात अडथळ्याविना १.८ मीटर रुंदी मोकळी हवी. मोकळी म्हणजे झाड, खांब, विजेचा डीपी बॉक्स, बाक हे सगळं वगळून. तुमच्याकडचे ते दोन बाक मध्ये आहेत की कडेला, ते एकदा बघा. पुणे महापालिकेचं स्वतःचं पादचारी धोरण २०१६ मध्ये मंजूर झालं, रस्ते कसे आखायचे याची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच सुमाराची. कागद आपल्याकडे उत्तम असतो.

फाटकावरचा उपाय अगदी साधा आहे. फूटपाथ खाली उतरवायचा नाही, गाडीने वर चढायचं. चालण्याची पट्टी फाटकासमोरूनही त्याच पातळीवर सलग जाऊ द्यायची आणि उतार द्यायचा तो रस्त्याकडच्या कडेला, जिथे झाडं नि खांब असतात त्या पट्टीत. गाडीला तीव्र उतार चालतो, तिला इंजिन आहे. व्हीलचेअरला मात्र एकास बाराचा उतार लागतो, म्हणजे पंधरा सेंटीमीटर चढायला एक मीटर ऐंशी. सध्या आपण नेमकं उलटं करतो : गाडीला सपाट, माणसाला घाट.

आमच्या सोसायटीत हा विषय वार्षिक सभेत काढला तेव्हा एका सभासदांनी सांगितलं की त्यांची नवी गाडी खालून घासेल. वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुढच्या रविवारी फाटकात सहा इंच विटा रचल्या, वर सेंट्रिंगच्या फळ्या टाकल्या आणि त्यांनाच गाडी चढवायला लावली. घासली नाही. फळीवरून गाडी चढताना बघायला अर्धी गल्ली जमली होती, चहाही झाला. ठराव एकमताने झाला. पालिकेकडून काम व्हायला मात्र चौदा महिने गेले. आज आमच्या बाजूच्या नऊ फाटकांपैकी तीन सपाट आहेत.

अर्ज कुठे करायचा ते कळलं तर तुमचे दोन हेलपाटे वाचतील. बारा मीटरपेक्षा कमी रुंदीचा रस्ता क्षेत्रीय कार्यालयाकडे असतो. बारा आणि त्याहून मोठा पथ विभागाकडे. आधी रस्त्याची रुंदी विचारा, मग साहेबांचं नाव.

आणि तोवर आईला कडेनेच चालू द्या. फक्त समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या अंगाने.

ताई, मी वडगाव बुद्रुकहून टिळक रस्त्यावरच्या कॉलेजला सायकलने जातो. सिंहगड रस्त्यावर रोज जीव मुठीत. स्वतंत्र सायकल ट्रॅकसाठी आम्ही मुलं सह्या गोळा करतोय. निवेदनात काय लिहू?

"सायकल ट्रॅक हवा" एवढंच लिहू नकोस. तो मिळेल, आणि मग तुला कळेल की आपण मागितलं भलतंच.

बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, आली ती २००६ च्या अखेरीस, कात्रज-स्वारगेट-हडपसर. तिच्याबरोबर सायकल ट्रॅकही आले. कातळासारखे ब्लॉक, मध्येच डीपी, मध्येच बसथांबा, आणि चौकाच्या अलीकडे ट्रॅक गायब. चौकातच तर खरी गरज असते! सायकलवाल्यांनी तो सोडला, मग तिथे दुचाक्या लागल्या, मग "पुण्यात कोणी सायकल चालवत नाही, ट्रॅक ओस पडलेत" असं म्हणायला आपण मोकळे. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच महिन्यात भाड्याच्या रंगीत सायकलीही आल्या. त्या कुठे गेल्या ते तुझ्या दादाला विचार.

माझ्या लहानपणी सायकलीला महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचा आणि डबलसीट दिसलं की शिट्टी. ट्रॅक नव्हते. रस्ते सायकलींना पुरायचे, कारण बाकीची वाहनं थोडी होती आणि सावकाश होती. सगळं भूतकाळात बरं होतं असं मला म्हणायचं नाही, चेन निघाली की हात काळे व्हायचेच. पण वेग हा मुद्दा आहे. वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता साधारण चार टक्क्यांनी वाढते, हे जागतिक आरोग्य संघटनेचं गणित आहे. हमरस्त्यावर वेग वेगळाच राहणार, तिथे सायकलला भौतिक आडोसा हवा, पांढऱ्या रंगाची रेघ नको. रेघ ओलांडायला कुणाचीच हरकत नसते. आतल्या रस्त्यांवर मात्र ट्रॅकची गरजच नाही. तिथे वेग तीसच्या आत आणला की झालं.

तर निवेदनात हे लिही : घरापासून कॉलेजपर्यंत तुला सायकलवरून उतरावं लागतं किंवा पोटात गोळा येतो अशा जागा किती. क्रमाने, खुणेसह. "अमुक दवाखान्यासमोर पावसाळी गटाराची जाळी चाकाला समांतर आहे, चाक अडकतं." असल्या जाळ्या आडव्या फिरवायला टेंडर लागत नाही. तुम्ही पाच मुलं, प्रत्येकाच्या सात जागा धरल्या आणि त्यातल्या चार जरी सगळ्यांच्या यादीत आल्या, तर अभियंत्याला कुठून सुरुवात करायची ते आपोआप कळतं.

आणि एक लोभ सुटत नाही म्हणून लिहिते. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा तुझ्याच भागातून स्वारगेटच्या बाजूला येतो. कालवा आखताना पाणी आपोआप वाहावं म्हणून उतार जवळजवळ शून्य ठेवतात, टेकडीला वळसा घालत समपातळीवर नेतात. म्हणजे सायकलला याहून चांगली आखणी कोणी करून देणार नाही, ना चढ ना सिग्नल. अडचण अशी की कालव्याची जमीन जलसंपदा विभागाची, पालिकेची नाही, आणि काठावर काही ठिकाणी वस्ती आहे, तिला धक्का लावून सायकल मार्ग करायचा तर तो मला नको. पण जिथे काठ मोकळा आहे तेवढे तुकडे जोडण्याची मागणी सह्यांच्या कागदावर दुसऱ्या क्रमांकाला टाकायला हरकत नाही.

औंधमध्ये आमच्या फूटपाथवर भाजीवाल्या बसतात. त्यांना हटवण्यासाठी कुणाकडे तक्रार करावी?

अतिक्रमण विभागाकडे. पण आधी एक करा. त्याच फूटपाथवर उभ्या असलेल्या दुचाक्या, दुकानाबाहेर आलेले फलक, सोसायटीने लावलेल्या कुंड्या आणि भाजीवाल्या, प्रत्येकाने किती जागा अडवली ते मोजा. भाजीवालीचं पोतं चार फूट बाय तीन. बाकीचं तुम्हीच लिहून काढा. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, त्यांचं सर्वेक्षण आणि जागा ठरवणं आहे. कुंड्यांसाठी असा कायदा माझ्या वाचनात नाही.

१.८ मीटर मोकळं ठेवून ती बसली असेल तर तिला बसू द्या, असं माझं मत. संध्याकाळी सातनंतर ज्या फूटपाथवर भाजीवाली असते त्यावरून बायका एकट्या चालतात. ती उठून गेली की तो फूटपाथ मोकळा होतो आणि मग त्यावरून कुणीच जात नाही. तुम्हाला राग आला असेल तर पुढच्या महिन्यात लिहा.

फूटपाथवर दुचाकी चढू नये म्हणून लोखंडी खांब लावलेत. आता माझ्या भावाची व्हीलचेअर आत जात नाही. खांब काढायला सांगितले तर शेजारी म्हणतात, दुचाक्या येतील. कोण बरोबर?

दोघंही, आणि मला याचं छान उत्तर देता येत नाही. स्कूटरच्या हँडलची रुंदी आणि व्हीलचेअरची रुंदी जवळजवळ सारखीच. एकाला अडवेल नि दुसऱ्याला सोडेल अशी फट कुठल्याही अभियंत्याला काढता येणार नाही. नागमोडी लोखंडी फाटक लावलं तर दोघंही अडकतात, शिवाय बाबागाडीही. म्हणून निवड करावी लागते, आणि ती भावाच्या बाजूने करा : दोन खांबांत १.२ मीटर अंतर हवं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळाविरहित पदपथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे आणि ते पदपथ अपंग व्यक्तींना वापरता यायला हवेत असंही सांगितलं आहे. त्याचा उल्लेख अर्जात जरूर करा.

दुचाकीवाल्याचं काय? तो फूटपाथवर केव्हा चढतो ते पाहा. बहुतेक वेळा सिग्नलची रांग टाळायला किंवा लांबचा यू-टर्न वाचवायला. दुभाजकातली फट दीडशे मीटर अलीकडे आली की एका चौकातली ही चढाई थांबल्याचं मी पाहिलंय. खांबांनी ती थांबली नव्हती.

धनकवडीच्या उतारावर आमच्या सोसायटीसमोर गाड्या सुसाट येतात. वर्गणी काढून गतिरोधक करून घ्यावा का?

नको. सार्वजनिक रस्त्यावर परस्पर गतिरोधक करता येत नाही, आणि वर्गणीतला गतिरोधक हमखास डोंगर होतो. प्रमाण मापाचा गोल गतिरोधक गाडीच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि दहा सेंटीमीटर उंच असतो. लोक अर्धा मीटर लांब आणि पंधरा उंच करतात, त्यावर कंबर मोडते ती रिक्षातल्या बाळंतिणीची आणि सायकलवाल्याची. सुसाट जाणारी मोठी गाडी मजेत निघून जाते. रंग नसला तर रात्री आणखी वाईट. त्यापेक्षा जिथे लोक रस्ता ओलांडतात तिथे फूटपाथच्या उंचीचा रुंद, सपाट माथ्याचा झेब्रा मागा. वेगही कमी होतो आणि ओलांडणाऱ्याला उतरावंही लागत नाही.

बिबवेवाडीत आम्ही दहा-बारा ज्येष्ठ नागरिक दोन वर्षं निवेदनं देतोय. फोटो छापून येतो, हार-तुरे होतात, काम होत नाही. आता काय करावं?

फोटो काढणं थांबवा. निवेदनाचं अभियंत्याच्या टेबलावर काय होतं ते सांगते, कारण ते टेबल माझं होतं. "प्रभागातील पदपथांची दुरवस्था दूर करावी" असा कागद आला की त्यावर "पाहून कार्यवाही करावी" असा शेरा पडतो आणि तो खाली जातो. खालचा कनिष्ठ अभियंता नेमकं काय पाहणार? त्याच्याकडे तशा फायलींची चळत असते.

एक सकाळ काढा. चौघे पुरे : एकाकडे टेप, एकाकडे वही, एकाकडे फोन आणि एक जण असा, ज्याचे गुडघे दुखतात. त्याला पुढे चालू द्या. तो जिथे थांबेल तिथे थांबायचं आणि लिहायचं : घर क्रमांक किंवा दुकान, अडथळा काय, माप किती. संध्याकाळी बसून यादी खात्यांप्रमाणे फोडा. चेंबरचं झाकण सात सेंटीमीटर वर आलंय, ते मलनिस्सारणचं. मध्यभागी दिव्याचा खांब, विद्युत विभाग. डीपी बॉक्स, महावितरण. झाडाचा पार, उद्यान विभाग. फूटपाथवर पाय रोवलेला जाहिरातीचा फलक, तो आकाशचिन्ह विभागाचा (हे नाव मला नेहमी ज्योतिषाच्या दुकानासारखं वाटायचं). प्रत्येक खात्याला वेगळं पत्र, त्यात फक्त त्याच्याच ओळी. आमच्याकडे सत्तावीस अडथळ्यांपैकी नऊ एका पावसाळ्याआधी निघाले, त्यात सात झाकणं होती. झाकणांचं काम स्वस्त, म्हणून लवकर.

पैसे लागणारी कामं नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकात टाका. पुण्यात ही सोय २००६ पासून आहे आणि तिचा फारच थोडे लोक उपयोग करतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात, सहसा पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात, म्हणजे गणपतीच्या आसपास लक्ष ठेवा. आम्ही अर्ज केला तेव्हा एका कामाला पाच लाखांची मर्यादा होती. एवढ्यात अख्खा फूटपाथ होत नाही, पण पाच-सहा फाटकं सपाट होतात. म्हणून "फूटपाथ" मागू नका, "अमुक ते तमुक फाटक सलग करणे" असं लिहा.

काम सुरू झालं की माहिती अधिकार कायद्याचं कलम २, त्यातला (जे) हा भाग वाचा. फक्त कागद मागता येतात असा समज आहे. चालू कामाची पाहणी करायला मिळते आणि साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. दहा रुपयांच्या अर्जात. ब्लॉकखाली वाळू किती आणि माती किती हे बघायला ठेकेदारासमोर बारा आजोबा उभे राहिले, की त्या दिवशीचं काम बरं होतं.

तुम्ही तीस वर्षं नोकरीत होता. तेव्हा हे सगळं का नाही केलंत? (नाव छापू नये.)

नाव छापत नाही. प्रश्न छापायलाच हवा होता.

नाही केलं. पहिली काही वर्षं कळत नव्हतं आणि नंतर कळूनही वळलं नाही. आमच्या मेजरमेंट बुकात लांबी, रुंदी, जाडी असे रकाने. फूटपाथचं बिल मीटरवर निघतं. तो सलग आहे का, याला रकाना नाही. फाटकं आली की मी एस्टिमेटात तेवढी लांबी वजा करायचे. वजाबाकी बरोबर यायची. लेखापरीक्षकाने त्यावर कधी शेरा मारला नाही. एक वरिष्ठ म्हणाले होते, "नऊ इंच ठेवा, म्हणजे पुढच्या डांबराच्या कार्पेटला झंझट नाही." मी ठेवले. पुण्यात नव्हे, राज्यातल्या दुसऱ्या एका शहरात, पण त्याने काही फरक पडत नाही.

त्यातला एक तुकडा अजून शाबूत आहे. गेल्या दिवाळीत नातेवाइकांकडे गेले होते तेव्हा मुद्दाम त्या रस्त्याने गेले आणि टेप लावली. तेवीस सेंटीमीटर. खाली कुणा दुकानदाराने पायरीसाठी एक चपटा दगड टाकून ठेवलाय.

मी मोजत होते तेव्हा तो दुकानातून बाहेर आला आणि म्हणाला, "दगड काढू नका हं मॅडम, म्हाताऱ्यांना लागतो."

नाही काढत म्हटलं.